अंदमानसाठी मार्गदर्शक पुस्तक कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की अंदमानबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. त्यातले बरेचसे शेवटी एकाच मुद्द्यावर येतात: पुस्तक कोणतं घ्यायचं, आणि घेतलेल्या पुस्तकावर किती विसंबायचं? पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली माहिती दुसऱ्यात लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोबाइलवर सगळं फुकट मिळतं. मग पाच-सातशे रुपये घालून पुस्तक कशाला घ्यायचं?

हॉटेलचे दर, बोटीच्या वेळा, आजचं हवामान यासाठी पुस्तक घेऊच नका. या गोष्टी छापून येईपर्यंत बदललेल्या असतात. पुस्तक हवं ते निर्णयांसाठी. सहा दिवसांत कोणती बेटं घ्यायची आणि कोणती सोडायची, हॅवलॉकला दोन रात्री राहायचं की तीन, चुनखडीच्या गुहांच्या बाराटांग बेटासाठी एक पूर्ण दिवस घालवायचा का, हे निर्णय इंटरनेटवर वाचून आणखी अवघड होतात. तिथली अंदमानबद्दलची बरीच पानं कोणी ना कोणी पॅकेज विकायला लिहिलेली असतात, त्यामुळे 'हे ठिकाण वगळा' असं सांगणारा तिथे क्वचितच भेटतो. चांगल्या पुस्तकाचा लेखक ते सांगतो, आणि त्याच सल्ल्यासाठी पैसे द्यायचे.

नेटवर्कचा मुद्दाही आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि बेटांवरचं इंटरनेट पुष्कळ सुधारलं. तरी भर समुद्रात बोटीवर किंवा जंगलातल्या रस्त्यावर फोन मुका होतोच.

२. मी आयुष्यात पहिल्यांदाच असं पुस्तक घेतोय. त्यात नेमकं काय असायला हवं?

बेटांवरच्या सहलीचं गणित रस्त्याच्या सहलीपेक्षा वेगळं असतं. महाबळेश्वरला एक पॉइंट चुकला तर संध्याकाळी परत जाता येतं. अंदमानात सकाळची बोट चुकली तर पुढच्या दोन मुक्कामांची घडी विस्कटते. म्हणून सगळ्यात आधी बोटींचं प्रकरण पाहा. सरकारी बोट आणि खाजगी क्रूझ यांत फरक काय, तिकीट किती आधी काढावं, समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली तर काय करायचं, परतीच्या विमानाच्या आदली रात्र राजधानीतच (पोर्ट ब्लेअर, आता श्री विजयपुरम) का काढावी, हे सगळं त्यात असेल तर लेखक तिथे खरोखर फिरलेला आहे.

दुसरं, भरती-ओहोटी. अंदमानातला एकच किनारा सकाळी आणि दुपारी दोन वेगळ्या जागा वाटाव्यात इतका बदलतो. तिसरं, नियम: कुठे परवाना लागतो, कुठे फोटो काढायला बंदी आहे, काय उचलून आणायचं नाही. प्रवाळ आणि कायद्याने संरक्षित शंख-शिंपले नेणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. किनाऱ्यावर पडलेलं संरक्षित आणि असंरक्षित आपल्याला ओळखता येत नाही, तेव्हा काहीच उचलू नये. हे न सांगणारं पुस्तक तुम्हाला अडचणीत आणू शकतं.

रंगीत फोटो किती आहेत हे मोजू नका. हॅवलॉकचा राधानगर किनारा कोणत्याही कॅमेऱ्यात सुंदरच दिसतो.

३. पुस्तक ताजं आहे की जुनंच नव्या कव्हरात, हे कसं ओळखायचं?

प्रकाशनाचा तपशील असलेलं पान उघडा. तिथे 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे दोन शब्द वेगळे वाचा. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. त्यावर गेल्या वर्षीचा महिना असला तरी आतली माहिती दहा वर्षांपूर्वीची असू शकते. सुधारित आवृत्तीचं साल महत्त्वाचं, आणि त्यातूनही एखादं वर्ष वजा करा, कारण लेखक फिरून आल्यावर पुस्तक बाजारात यायला वेळ लागतो.

आतला मजकूरही वय सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. जुलै २०२३ मध्ये वीर सावरकर विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम करण्यात आलं. यातलं काय पुस्तकात आहे आणि काय नाही ते पाहिलं की मजकूर कोणत्या सालात थांबला ते कळतं. जुनी नावं असलेलं पुस्तक वाया गेलं असं मात्र नाही, त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

४. दुकानात उभ्याउभ्या पाच मिनिटांत पुस्तक तपासायची काही युक्ती आहे का?

आहे. मागची सूची उघडा आणि चार गोष्टी शोधा.

पहिली, नील बेटावरचा नैसर्गिक दगडी पूल. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या या पुलापर्यंत ओहोटीतच नीट जाता येतं. 'सुंदर दगडी कमान, अवश्य पाहा' एवढंच लिहिलं असेल आणि ओहोटीचा उल्लेख नसेल, तर लेखक एक तर गेला नाही किंवा वाचकाचा विचार त्याने केला नाही. ओहोटीतही तिथे ओल्या, टोकदार, शेवाळलेल्या खडकांवरून चालावं लागतं. पायात काय घालावं हे सांगणारा लेखक मला लगेच विश्वासू वाटतो.

दुसरी, जॉली बॉय. वांडूरहून जाता येणारं हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे आणि वर्षभर खुलं नसतं. ते बंद असताना रेड स्किन बेट खुलं ठेवतात, म्हणजे प्रवाळांना विसावा मिळतो. परवाना लागतो आणि एकदाच वापरायचं प्लास्टिक नेता येत नाही. एवढं पुस्तकात हवंच.

तिसरी, रॉस नावाचा गोंधळ. एक रॉस राजधानीसमोर, ब्रिटिशांचं जुनं मुख्यालय, आता नेताजींच्या नावाचं. दुसरं पार उत्तरेला दिगलीपूरजवळ, वाळूच्या पट्ट्याने स्मिथ बेटाला जोडलेलं. दोन्हींमध्ये सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. काही पुस्तिकांत एकाची माहिती आणि दुसऱ्याचा फोटो असतो. अशी पुस्तिका तिथेच खाली ठेवा.

चौथी, सूर्यास्ताची वेळ. अंदमान मुंबईच्या वीस अंश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ ऐंशी मिनिटं आधी उगवतो, पण घड्याळ तेच. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्यास्त होतो. 'दुपारी आराम करून संध्याकाळी किनाऱ्यावर' हा आपला नेहमीचा बेत तिथे अंधारात संपतो. पुस्तकातल्या दिवसवार कार्यक्रमात पहाटे निघायला आणि तीनच्या आत किनारा गाठायला सांगितलं असेल तर तो कार्यक्रम तिथे बसून केलेला आहे.

५. घरात जुनं पुस्तक आहे, त्यात हॅवलॉक, नील, पोर्ट ब्लेअरच लिहिलंय. टाकून देऊ का?

नको. तिथले रिक्षावाले, हॉटेलवाले, जेटीवरची माणसं अजूनही सर्रास हॅवलॉक आणि नील म्हणतात. पण बोटीच्या तिकिटांवर आणि सरकारी कागदांवर नवी नावं दिसतात, तेव्हा दोन्ही माहीत हवीत. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने जोड्या लिहून ठेवा: हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. जानेवारी २०२३ मध्ये एकवीस निनावी बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली गेली. त्याने तुमच्या सहलीत फरक पडणार नाही.

जुन्या पुस्तकाचा इतिहासाचा, निसर्गाचा, किनाऱ्यांच्या स्वभावाचा भाग टिकतो. सुरक्षिततेचा भाग मात्र जुना चालत नाही. हॅवलॉकवर राधानगरजवळ २०१० मध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका परदेशी पर्यटक तरुणीचा बळी घेतला. त्याआधीची पुस्तकं त्याच भागातल्या पोहण्याचं बिनघोर कौतुक करताना दिसतील. कुठे पोहायचं हे किनाऱ्यावरच्या फलकावरून आणि जीवरक्षकांना विचारूनच ठरवा, पुस्तक नवं असलं तरी.

६. संपूर्ण भारतावरच्या जाडजूड पुस्तकातलं अंदमानचं प्रकरण पुरेल, की फक्त अंदमानचं पुस्तक घ्यावं?

पाच-सहा दिवसांची पहिलीच सहल आणि राजधानी, हॅवलॉक, नील एवढाच बेत असेल तर मोठ्या पुस्तकातलं चांगलं प्रकरण पुरतं. अशा पुस्तकांची संपादनाची शिस्त चांगली असते आणि काय सोडावं हे लेखक जागेअभावी का होईना, ठरवतो. पण हजारभर पानांचं वजन बेटोबेटी वाहायचं नाही. ई-बुकाचं तेवढं प्रकरण विकत मिळत असेल तर ते घ्या, नाहीतर वाचनालयातून आणून घरी टिपणं काढा.

आठ-दहा दिवस असतील, मध्य किंवा उत्तर अंदमानला जायचं असेल, डायव्हिंग किंवा पक्षिनिरीक्षण डोक्यात असेल, तर स्वतंत्र पुस्तक घ्या. पक्ष्यांसाठी तर वेगळीच मार्गदर्शिका लागते. फक्त याच बेटांवर सापडणारे पक्षी इथे पुष्कळ आहेत आणि सहलीच्या पुस्तकात त्यांना अर्धं पानही मिळत नाही.

७. मराठी पुस्तक घ्यावं की इंग्रजी? आईला इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो.

आईला वाचायचं असेल तर मराठीच घ्या. प्रवासाआधी घरातल्या सगळ्यांनी वाचलेलं साधं पुस्तक एकानेच चाळलेल्या उत्तम पुस्तकापेक्षा उपयोगी पडतं. फक्त प्रश्न ३ आणि ४ मधल्या कसोट्या त्यालाही लावा, भाषेपोटी सूट देऊ नका.

मराठीतलं अंदमानवरचं बरंचसं लेखन सेल्युलर जेल आणि सावरकर यांच्याभोवती फिरतं. ते साहजिक आहे. पण नीट लिहिलेल्या पुस्तकात जेलचा पूर्ण पट येतो: १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाला सात बाजू होत्या, त्यातल्या तीनच आज उभ्या आहेत. बंगाल आणि पंजाबातून आलेले क्रांतिकारक इथे फार मोठ्या संख्येने होते. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मोइत्र आणि मोहन किशोर नामदास यांचा मृत्यू झाला. ही नावं पुस्तकात नसतील तर त्या भिंतीसमोर उभं राहूनही अर्धंच दिसेल.

इंग्रजी पुस्तकांची एक अडचण: त्यातली बरीच पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या परदेशी प्रवाशांसाठी लिहिलेली असतात. हिंदी बोलता येणाऱ्याला काय सोपं जातं, हे त्यांत येत नाही. अंदमानात बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडचे अशी सगळीकडची माणसं वसली आहेत आणि त्यांची आपसातली भाषा हिंदी आहे. बोलायला लागणाऱ्या स्थानिक वाक्यांच्या यादीची पानं तुम्ही खुशाल वगळू शकता.

८. 'माझी जन्मठेप' वाचलंय. प्रवासवर्णनं पण आहेत. वेगळं पुस्तक लागेल का?

लागेल. 'माझी जन्मठेप' हा १९११ ते १९२१ या काळातल्या कैदेचा अनुभव आहे. जेल पाहायला जाण्याआधी वाचाच, कोलू म्हणजे काय आणि एकांतकोठडी म्हणजे काय हे त्यानंतरच कळतं. पण त्यातून बोट पकडता येत नाही. प्रवासवर्णनांचंही तसंच. जावंसं वाटायला ती वाचावीत, कसं जायचं ते त्यांत नसतं.

९. आम्ही टूर कंपनीबरोबर जातोय. सगळं तेच ठरवणार. तरी पुस्तक?

तरीही, पण निघण्याआधी नव्हे, पैसे भरण्याआधी. कंपनीने दिलेला कार्यक्रम पुस्तकासमोर ठेवून वाचा. एकाच दिवशी जेल, रॉस आणि नॉर्थ बे कोंबलंय का? हॅवलॉकला एकच रात्र आहे का? राधानगरला नेण्याची वेळ चार वाजताची आहे का? (सूर्यास्ताचं गणित प्रश्न ४ मध्ये आहे.) मग कंपनीला नेमके प्रश्न विचारता येतात, आणि नेमकं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तरंही नेमकी मिळतात. कंपनी देते ती गुळगुळीत कागदाची पुस्तिका जाहिरात म्हणून वाचा.

१०. मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिन्यातच जमतं. पुस्तकात तर 'ऑक्टोबर ते मे उत्तम' लिहिलंय. ठीक ना?

'ऑक्टोबर ते मे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत असतं आणि ते फार ढोबळ आहे. नैऋत्य मोसमी पाऊस केरळात पोचण्याआधी अंदमानात पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे १ मे आणि २५ मे हे दोन वेगळे ऋतू आहेत. महिन्याच्या सुरुवातीला समुद्र बऱ्यापैकी शांत आणि उकाडा भरपूर. अखेरीला पाऊस, गढूळ पाणी आणि रद्द होणाऱ्या बोटी. मेमध्येच जायचं तर पहिल्या पंधरवड्यात जा, आणि कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवा.

दिवाळीचंही नीट वाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा तोच हंगाम आहे. सहल बहुतेक वेळा छान होते, पण पुस्तकाने हा धोका सांगितला पाहिजे. सगळ्यात भरवशाचे महिने जानेवारी ते एप्रिलची सुरुवात. महिनावार पाऊस आणि समुद्राची स्थिती दाखवणारा तक्ता ज्यात आहे ते पुस्तक इतरांपेक्षा आधी उचला.

११. एका पुस्तकात 'बाराटांगच्या वाटेवर आदिवासी दिसण्याची संधी' असं लिहिलंय. ते घ्यावं का?

घेऊ नका. सगळ्या कसोट्यांत ही माझ्या लेखी सर्वांत वरची, आणि इथे तडजोड नाही.

ती माणसं म्हणजे जारवा. अंदमान ट्रंक रोड त्यांच्या राखीव जंगलातून जातो. त्यांची संख्या काही शे एवढीच आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत ते बाहेरच्यांपासून दूर राहत. संपर्क वाढला तशी त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याला किरकोळ वाटणारा आजार त्यांच्या समाजाला पुसून टाकू शकतो, ग्रेट अंदमानी लोकांचं तसं झालेलं आहे. त्यांच्या संरक्षणासाठी १९५६ पासून कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांच्या जंगलातून जाणारा हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तो बंद झाला नाही. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर पोचली आणि देशाची मान खाली गेली.

आज जिरकाटांग नाक्यावरून ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सुटतो. थांबायचं नाही, काच खाली करून काही द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. फोटो काढणं हा तुरुंगवासापर्यंत नेणारा गुन्हा आहे. हे सगळं स्पष्ट लिहिणारं, आणि माणसं म्हणजे पाहण्याची वस्तू नव्हे हे आपल्या शब्दांतून दाखवणारं पुस्तक निवडा. 'दर्शन', 'संधी', 'नशीब असेल तर दिसतील' असे शब्द असतील तर त्या लेखकाच्या बाकी सल्ल्यावरही मी विश्वास ठेवणार नाही.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतून होणारी होडीची सफर सुंदर आहे, हे खरं. चिखलाचा ज्वालामुखी पाहून बरेच जण निराश होतात, हेही खरं. माझं मत विचाराल तर केवळ सहलीसाठी हा रस्ता वापरू नये.

१२. निकोबार आणि सेंटिनल बेटांची माहिती पुस्तकात नाही. अपुरं पुस्तक आहे का?

नाही. कार निकोबारसारख्या आदिवासी राखीव बेटांवर पासशिवाय जाता येत नाही आणि सहलीसाठी तो सहसा मिळत नाही. बाहेरच्यांशी संपर्क टाळणारे आदिवासी राहतात त्या उत्तर सेंटिनलच्या तर जवळपास जायलाही बंदी आहे, आणि ती योग्य आहे. कारण प्रश्न ११ मध्ये आलंय. उलट तिथे नेण्याची सोय करतो म्हणणाऱ्या कुणाचा नंबर छापलेला दिसला तर पुस्तक परत करा.

१३. सत्तरीचे आईवडील आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर आहे. त्यांच्यासाठी पुस्तकात काय पाहू?

पायऱ्या, चालणं, बोटीत चढणं-उतरणं आणि स्वच्छतागृह. या चार गोष्टींची माहिती देणारी पुस्तकं थोडी आहेत, म्हणून मिळालं तर सोडू नका. जेलमध्ये वरच्या मजल्यांवर जायला जिनेच आहेत. रॉस बेटावर चढ आहे, पण बॅटरीवरच्या गाड्या असतात. बाराटांगला निघायचं तर भल्या पहाटे उठणं, गाडी, मग तराफ्यासारखी मोठी बोट, मग छोटी होडी, मग गुहेपर्यंत सुमारे दीड किलोमीटर चालणं, आणि तेवढंच परत. गुडघे दुखणाऱ्यांना हा दिवस जड जातो.

मोठं सरकारी रुग्णालय राजधानीतच आहे, बाकी बेटांवर प्राथमिक सोय असते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांचा मुक्काम आखताना हे लक्षात घ्या. बोट लागते त्यांच्यासाठी गोळ्या डॉक्टरांना विचारून घरूनच घ्या. किनाऱ्यावरच्या बारीक चावऱ्या माश्यांचा उल्लेख पुस्तकात आहे का तेही बघा. मुलांच्या पायांना त्यांचा त्रास फार होतो आणि खाज आठवडाभर टिकते.

१४. आम्ही शाकाहारी. पुस्तकात फक्त मासे आणि खेकडेच दिसतात.

काळजी नको. राजधानीत दक्षिणी आणि उत्तरेकडचं शाकाहारी जेवण सहज मिळतं. हॅवलॉक आणि नीलवर बंगाली वस्ती आहे, तिथल्या साध्या खानावळीत वरण-भात-भाजी मिळते. बेटांवर भाजीपाला महाग पडतो, एवढंच. रेस्टॉरंटच्या यादीवरून पुस्तक निवडू नका, ती पानं सर्वांत आधी शिळी होतात.

१५. नकाशे कसे असावेत?

तीन तरी हवेत: बोटींचे मार्ग दाखवलेला सगळ्या बेटांचा एक, जेटीपासून किनाऱ्यांची अंतरं दिलेला हॅवलॉकचा एक, आणि राजधानीचा एक. हॅवलॉकच्या किनाऱ्यांना क्रमांक आहेत, राधानगर म्हणजे सात नंबर. ते क्रमांक नकाशावर असले की हॉटेल नक्की कुठे आहे ते कळतं. प्रमाणपट्टी नसलेला नकाशा म्हणजे नुसतं चित्र. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, पण छापील नकाशावर कुटुंबातल्या चौघांना एकदम बोट ठेवून बोलता येतं.

१६. मला स्कूबा करायचंय. साध्या पुस्तकातली माहिती पुरे का?

एकदाच करून पाहायचं असेल तर पुरे, पण पुस्तकात एक गोष्ट असलीच पाहिजे: पाण्याखाली गेल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. एका डाइव्हनंतर किमान बारा तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर अठरा तास किंवा जास्त. अनेक कार्यक्रमांत डायव्हिंग शेवटच्या दिवशी टाकलेलं दिसतं. ते पुढे घ्या. दमा, कानाचे विकार, हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. शिकण्याचा पूर्ण अभ्यासक्रम करायचा असेल तर केंद्राशी थेट बोला. पोहता येत नसलेल्यांसाठी काचेच्या तळाच्या होडीचा पर्याय असतो.

१७. ई-बुक की छापील?

शोधायला ई-बुक, आखायला छापील. एकच घ्यायचं तर छापील घ्या आणि लागणाऱ्या वीस-पंचवीस पानांचे फोटो फोनमध्ये ठेवा. अंदमानातल्या दमट हवेत आणि होडीतल्या शिंतोड्यांत पुस्तकासाठी झिपची पिशवी न्या.

१८. अमेरिकेतली बहीण आणि तिची मुलं येणार आहेत. त्यांच्यासाठी पुस्तकातले नियम वेगळे वाचायचे का?

हो, आणि पुस्तकावर न थांबता. परदेशी नागरिकांना पूर्वी अंदमानात सरसकट प्रतिबंधित क्षेत्राचा परवाना लागे. २०१८ मध्ये बऱ्याच वस्ती असलेल्या बेटांसाठी ही अट शिथिल झाली, पण काही देशांच्या नागरिकांना ती लागू राहिली आणि नोंदणीचे नियम वेगळे आहेत. २०१८ आधीची पुस्तकं इथे चुकीची ठरतात. ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट नाही त्याने, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, तिकीट काढण्याआधी केंद्रीय गृहखात्याच्या आणि अंदमान प्रशासनाच्या संकेतस्थळावरचा चालू नियम वाचावा. भारतीय नागरिकांना राजधानी, हॅवलॉक, नीलसाठी असा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र कायम जवळ हवं.

१९. दुसऱ्यांदा जातोय. दिगलीपूर, लाँग आयलंड, लिटल अंदमान असं काही करायचंय. पुस्तकात दोनच पानं आहेत.

ती दोन पानं कशी लिहिली आहेत ते पाहा. दिगलीपूर रस्त्याने गाठायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो आणि तो रस्ता जारव्यांच्या जंगलातूनच जातो. काही दिवशी जहाजही असतं, वेळापत्रक ऐनवेळी कळतं. तिथे ७३२ मीटरचं सॅडल पीक आहे, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर, आणि कालीपूरला कासवांचा किनारा. लिटल अंदमानला हट बेपर्यंत जाता येतं, ओंगे लोकांचा राखीव भाग सोडून. या सगळ्यासाठी परतीचं तिकीट घट्ट न धरणाराच प्रवासी हवा. पुस्तक 'दोन दिवसांत दिगलीपूर' म्हणत असेल तर लेखकाने नकाशावर फूटपट्टी ठेवून ते लिहिलंय.

२०. पुस्तक एक सांगतं आणि जेटीवरचा माणूस दुसरंच. कुणाचं ऐकू?

समुद्र, वारा, मगर, भरती-ओहोटी याबाबत तिथल्या माणसाचं, तेही बोटवाला, मासेमार, जीवरक्षक यांचं. कायदा आणि परवाना याबाबत सरकारी कार्यालयाचं. कोणी 'पुस्तकात बंदी लिहिलीय, पण मी नेतो' म्हणालं तर पुस्तकाचं. दराबाबत दोघांचंही नको, आणखी दोन ठिकाणी विचारा.

२१. हेच निकष लक्षद्वीप, मॉरिशस किंवा बालीच्या पुस्तकाला लावता येतील का?

पद्धत तीच, कसोटीची पानं वेगळी. लक्षद्वीपसाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, म्हणून पुस्तकातलं परवान्याचं प्रकरण पहिलं वाचा. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, तिथे आपल्या नाताळाच्या सुट्टीत उन्हाळा असतो आणि जानेवारी ते मार्च हा वादळांचा मुख्य काळ. तिथल्या पुस्तकात एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी लोकांचा, त्यांच्या आजच्या वंशजांचा उल्लेख आहे का हे मी आवर्जून पाहतो. बालीच्या पुस्तकात न्येपीची, म्हणजे तिथल्या हिंदूंच्या नववर्षाच्या मौनदिनाची, तारीख शोधा. त्या दिवशी पूर्ण बेट शांत असतं, रस्त्यावर फिरता येत नाही आणि विमानतळही चोवीस तास बंद असतो. तारीख दर वर्षी बदलते, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची तारीख पाहून घ्या.